संस्थेचा कायम निधी: ठेवी, गाळा, रोखे, सोनं, फंड... कशात किती?

कोषाध्यक्ष_खानापूर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेसाठी विचारतोय. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली नोंदणी आहे, आयकराची १२एबी (करसूट देणारी नोंदणी) आहे. कायम निधी ४ कोटी, तो असा:

राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवी २ कोटी ३० लाख
दोन नागरी सहकारी बँकांत ९० लाख
तीन सौहार्द सोसायट्यांत (पतसंस्थांत) ८० लाख

शिवाय बेळगावात एक गाळा, भाडं महिना २२,०००. शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह मिळून वर्षाला १४ लाख लागतात.

नव्या कार्यकारिणीत दोन मतं आहेत. एक गट म्हणतो सगळं एफडीतच राहू द्या. दुसरा म्हणतो परदेशातली मोठी विद्यापीठं निम्म्याहून जास्त पैसा पर्यायी गुंतवणुकीत ठेवतात, आपण पीएमएस (आपल्या नावानं शेअर सांभाळून देणारी सेवा), एआयएफ (मोठ्या गुंतवणूकदारांचे खाजगी फंड), इनव्हिट (रस्त्यांसारख्या पायाभूत प्रकल्पांचे ट्रस्ट), सोनं असं काहीतरी करूया. कायद्यात काय बसतं, आणि बसतं त्यातलं किती घ्यावं?

---

ताळेबंद

आधी कुंपण कुठं आहे ते बघू, म्हणजे अर्धी चर्चा तिथंच मिटेल.

आयकर कायदा १९६१ च्या कलम ११(५) मध्ये धर्मादाय संस्थेनं पैसा कुठं ठेवायचा याची यादी होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, यादी आता अनुसूचीत गेली. ठरावात जुन्या कलमाबरोबर नवा क्रमांक ऑडिटरकडून घालून घ्या. तुमच्या कामाचं त्यात हे आहे: शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेतल्या आणि बँकिंगचा व्यवसाय करणाऱ्या सहकारी संस्थेतल्या ठेवी, केंद्र आणि राज्य सरकारचे रोखे, सार्वजनिक क्षेत्रातल्या सरकारी कंपन्यांतल्या ठेवी, ठरावीक बाँड, स्थावर मालमत्ता, आणि जुन्या नियम १७सी मधून आलेली म्युच्युअल फंडाची युनिट्स.

आता दुसऱ्या गटाची यादी. पीएमएसमध्ये किमान ५० लाख लागतात आणि शेअर थेट संस्थेच्या नावावर येतात. बसत नाही. एआयएफमध्ये किमान १ कोटी. तेही बसत नाही. इनव्हिट आणि रीटची (भाड्याच्या इमारतींच्या ट्रस्टची) युनिट्स थेट घेणं यादीत नाही. सोन्याची बिस्किटंही नाहीत. पण सोन्याचा ईटीएफ (शेअर बाजारात विकता-घेता येणारा फंड) हे म्युच्युअल फंडाचं युनिट आहे, म्हणून चालतं. म्हणजे पर्यायी जे काही आणायचं ते फंडाच्या पाकिटातून आणायचं, नाहीतर दगडविटांच्या रूपात.

चूक झाली तर काय होतं? कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये फादर मुलर्स चॅरिटेबल इन्स्टिट्यूशन्सच्या प्रकरणात सांगितलं की नियमाबाहेरच्या गुंतवणुकीपुरत्याच उत्पन्नावर कर लागेल, अख्ख्या संस्थेची सूट जाणार नाही. नंतर कायद्यातही तेवढ्याच उत्पन्नावर ३० टक्के असं आलं. जीव जात नाही, पण ३० टक्के देऊन पीएमएसनं किती कमवून द्यायला हवं ते मांडून बघा.

---

मलप्रभा

परदेशी विद्यापीठांचा दाखला देणाऱ्यांनी २००८ चं पानही उघडावं. येल विद्यापीठाचा निधी डेव्हिड स्वेन्सन यांनी १९८५ पासून सांभाळला, खाजगी इक्विटी (बाजारात नसलेल्या कंपन्यांतला हिस्सा), जंगलं, हेज फंड असं करत मोठा केला. जून २००९ ला संपलेल्या वर्षात तो २४.६ टक्के खाली आला, हार्वर्डचा २७.३ टक्के. पडण्यापेक्षा मोठी अडचण रोखीची होती. खाजगी फंडांना दिलेली वचनं पुरी करायची होती, विद्यापीठाचा खर्च थांबत नव्हता, आणि विकता येण्यासारखं फार थोडं हाताशी होतं. हार्वर्डला कर्जरोखे काढून पैसा उभा करावा लागला.

त्यांना बाजारात रोखे काढता येतात. खानापूरच्या वसतिगृहाच्या किराणावाल्याला कुठले रोखे देणार?

त्यांच्याकडून घेण्यासारखं एकच: खर्चाची रक्कम आधी ठरवायची, मग निधीची रचना. आपल्याकडे उलटं चालतं. व्याज जितकं येईल तितका खर्च.

---

तात्या_शहापूर

एफडीच बरी की ओ. मुद्दल हलत नाही, रात्री झोप लागते. संस्थेचा पैसा म्हणजे पोराबाळांचा पैसा, त्याच्याशी खेळ नको.

---

ताळेबंद

तात्या, मुद्दल हलत नाही हे खरं, पण झिजतं. धर्मादाय संस्थेत ते जरा जास्तच झिजतं, कारण ८५ टक्क्यांचा नियम.

४ कोटींवर ७ टक्के धरले तर व्याज २८ लाख. त्यातले ८५ टक्के, म्हणजे २३ लाख ८० हजार, उद्देशावर खर्च करावे लागतात, किंवा अर्ज भरून पाच वर्षांसाठी राखून ठेवावे लागतात आणि नंतर खर्चावेच लागतात. विनाअट मागे राहतात ४ लाख २० हजार. म्हणजे निधी वर्षाला १.०५ टक्के वाढतो. महागाई ५ टक्के धरा. दहा वर्षांनी आकडा ४ कोटी ४४ लाख दिसेल, पण आजच्या शंभर रुपयांत जे येतं त्यातलं ६८ रुपयांचंच येईल. घरगुती एफडीत माणूस व्याज पुन्हा गुंतवू शकतो. संस्थेला ते दारच बंद आहे.

हे दार थोडं उघडं राहतं ते वाढीच्या पर्यायातल्या (नफा न वाटता युनिटमध्येच राहतो अशा) फंड युनिट्समध्ये. युनिटचा भाव वाढला तरी विकेपर्यंत ते उत्पन्न धरत नाहीत, म्हणून ८५ टक्क्यांच्या हिशेबात येत नाही. विकलं तर भांडवली नफा होतो. जुन्या कायद्याच्या ११(१ए) प्रमाणे विक्रीची पूर्ण निव्वळ रक्कम दुसऱ्या भांडवली मालमत्तेत घातली की नफा उद्देशावर खर्च झाला असं धरत. सहा महिने किंवा जास्त मुदतीची बँक ठेवही त्यात चालते असं परिपत्रक १९७५ चं आहे. १ एप्रिल २०२६ नंतरच्या विक्रीसाठी नव्या कायद्याचं कलम पुढ्यात ठेवून ऑडिटरचं लेखी मत घ्या, मगच विक्रीच्या अर्जावर सही.

लाभांशाचा पर्याय चुकूनही निवडू नका. लाभांश आला की उत्पन्न, आणि पुन्हा ८५ टक्के.

---

तात्या_शहापूर

६८ रुपये वाचून आता झोप लागणार नाही बघा. 😀

---

गणपतगल्ली

सगळे ४ कोटींवर बोलताय. तो गाळा कुठं गेला?

ताळेबंदात तो मूळ खरेदी किमतीला असेल. जुने गाळे असे ५०-६० हजारांनाच उभे असतात. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या बाजूला आजच्या भावात त्याचे ८० लाख होतात असं धरलं, तर संस्थेचा निधी ४ कोटी ८० लाख आहे आणि त्यातला सहावा हिस्सा आधीच पर्यायी गुंतवणुकीत आहे. फक्त कुणी तसं म्हणत नाही.

आता त्याचा परतावा मांडू. भाडं वर्षाला २,६४,०००. भाडेकरू बदलताना सरासरी महिनाभर गाळा रिकामा, २२,००० गेले. महापालिकेची घरपट्टी, पावसाळ्याआधी पत्रे आणि गळतीचं काम, विमा मिळून ४०-४५ हजार. हातात २ लाखांच्या आसपास. ८० लाखांवर अडीच टक्के. किंमत वाढेल ही आशा असते, पण संस्था गाळा विकते कधी? सभासदांची सभा, वाद, वर्तमानपत्रात पत्रबाजी. न विकता येणाऱ्या वस्तूची वाढलेली किंमत शिष्यवृत्तीला उपयोगी पडत नाही.

भाडं कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा करारात असतं. अकरा महिन्यांचा करार पहिल्यांदा होतो, नंतर नूतनीकरण तोंडी, आणि वाढ "बघूया पुढच्या वर्षी". त्यापेक्षा तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करा, कारण एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीचीच आहे. वर्षाला ५ टक्के वाढ आकड्यात लिहा, टक्क्यात नको: २२,०००, मग २३,१००, मग २४,२५५. अनामत सहा महिन्यांची. भाडेकरू जीएसटी नोंदणीचा असेल आणि संस्था नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूनं स्वतः भरायचा असतो. भाडेकरू कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असेल तर हे लागू नाही. करार करताना एवढा एक प्रश्न विचारला तर पुढचं भांडण टळतं.

माझं मत: आणखी गाळा घेऊ नका. एकाच गावातली, एकाच बाजारपेठेतली, एका भाडेकरूची मालमत्ता पुरे झाली.

---

निपाणीचा_हिशेब

गाळ्यापेक्षा मला त्या ८० लाखांची काळजी वाटते. सौहार्द सोसायट्यांतले.

सौहार्द म्हणजे कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा १९९७ खालच्या संस्था. पलीकडं कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या मल्टिस्टेट वेगळ्या, त्यांचा निबंधक दिल्लीत. दोन्हींत एक गोष्ट सारखी: रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, म्हणून ठेव विम्याचं संरक्षण नाही. ५ लाखांचा विमा, जो ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखाचा ५ लाख झाला, तो परवानाधारक बँकांतल्या ठेवींनाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशाराही दिला होता की सहकारी सोसायट्यांनी नावात बँक लावू नये आणि सभासद नसलेल्यांकडून ठेवी घेऊ नयेत.

आयकराचा मुद्दा वेगळाच. यादीतले शब्द "बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था" असे आहेत. परवाना नसलेली पतसंस्था यात बसते का, यावर अधिकारी हरकत घेऊ शकतात. दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी हा वाद अंगावर घ्यायचा का?

आणि आपल्या भागातली खरी गोम अशी की शाळेच्या कार्यकारिणीत जे असतात तेच सोसायटीच्या संचालक मंडळात असतात. नावं वेगळी, माणसं तीच. ऊस किंवा तंबाखूचा हंगाम वाईट गेला की सोसायटीची कर्जवसुली अडते, त्याच वर्षी पालकांची फी थकते, आणि त्याच वर्षी बाजारातल्या गाळ्याचं भाडं रखडतं. कागदावर पाच ठिकाणी पैसा दिसतो, पण धोका एकच. बेळगावच्या बाजारपेठेवर अवलंबून नसलेलं काहीतरी निधीत हवं ते एवढ्यासाठी.

बाहेर पडायचं तर मुदतीप्रमाणे पडा. ८० लाख एकदम मोडायला गेलात तर दंड बसेल, आणि लहान सोसायटी असेल तर तिलाही झेपणार नाही. प्रत्येक पावतीची मुदत संपण्याआधी १५ दिवस लेखी पत्र द्या: "नूतनीकरण नको, रक्कम खात्यात आरटीजीएस करा." पत्राची पोच घ्या. पत्र गेलं नाही की आपोआप नूतनीकरण होतं आणि आणखी एक वर्ष जातं.

---

कोषाध्यक्ष_खानापूर

गाळ्याचं नेमकं ओळखलंत, ताळेबंदात ६० हजारच आहेत. नागरी बँकांतल्या ९० लाखांचं काय करावं?

---

निपाणीचा_हिशेब

विमा एका ठेवीदाराला एका बँकेत मिळून ५ लाख, व्याजासकट. शाखा दहा असल्या तरी एकच. म्हणून नागरी बँकेत एका वर्षाची साडेचार लाखांची पावती ठेवा, साडेसात टक्क्यांनी ती ४ लाख ८४ हजारांच्या जवळपास होते, आत राहते. दोन बँकांत मिळून ९ लाख. उरलेले ८१ लाख मोठ्या शेड्यूल्ड बँकेत. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली, पण ५ लाखांच्या वरचं कधी मिळेल याला मुदत नाही.

---

ताळेबंद

सरकारी रोख्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून जरा सविस्तर. दीर्घ मुदतीच्या संस्थेला एफडीपेक्षा हे बरं, कारण बँक पाच-दहा वर्षांच्या पलीकडचा दर देत नाही. रोख्यात पंधरा वर्षांचा दर आज बांधता येतो.

रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट, जे नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, ते फक्त व्यक्तींसाठी. संस्थेला ते नाही. फ्लोटिंग रेट (बदलत्या दराचे) बचत रोखेही व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांसाठीच. दर सभेत कुणीतरी ते सुचवतं, म्हणून लिहितोय.

संस्थेचा रस्ता असा. मोठ्या बँकेत किंवा प्रायमरी डीलरकडे (सरकारी रोख्यांच्या अधिकृत व्यापाऱ्याकडे) संस्थेच्या नावानं गिल्ट खातं, म्हणजे सरकारी रोखे ठेवायचं खातं, उघडायचं. लागणारे कागद: नोंदणी प्रमाणपत्र, नियमावली, पॅन, अधिकृत सह्यांचा ठराव, एलईआय क्रमांक (आर्थिक व्यवहारांसाठी संस्थेचा ओळख क्रमांक). एलईआय दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, विसरला की व्यवहार अडतो. लिलावात बिगरस्पर्धात्मक बोली लावायची. यात दर सांगायचा नसतो, लिलावात ठरलेल्या सरासरी भावाला रोखे मिळतात. केंद्राच्या रोख्यांत ५ टक्के हिस्सा यासाठी राखीव, किमान १०,००० आणि एका लिलावात एका रोख्याला कमाल २ कोटी. राज्यांच्या रोख्यांत, म्हणजे कर्नाटक किंवा महाराष्ट्राच्या विकास कर्जात, राखीव हिस्सा १० टक्के. राज्याच्या रोख्यावर केंद्रापेक्षा थोडा जादा दर मिळतो.

हिशेबातली हमखास चूक इथं होते. लिलावाऐवजी बाजारातून रोखा घेतला तर मागच्या व्याज तारखेपासूनचं व्याज विकणाऱ्याला द्यावं लागतं. समजा ७ टक्क्यांचा ३० लाखांचा रोखा, व्याज तारखेनंतर तीन महिन्यांनी घेतला. ३०,००,००० × ७% × ९०/३६० = ५२,५०० रुपये तुम्ही आधीच दिले. तीन महिन्यांनी १,०५,००० चं सहामाही व्याज येतं. क्लार्क पूर्ण १,०५,००० उत्पन्नात घेतो आणि दिलेले ५२,५०० खरेदी किमतीत जिरवतो. उत्पन्न फुगतं, ८५ टक्क्यांची जबाबदारी फुगते, आणि रोख्याची किंमत पुस्तकात चुकीची राहते. ५२,५०० वेगळ्या खात्यावर ठेवा, पहिल्या व्याजातून वळते करा.

दुसरं, रोख्याचा भाव हलतो. दहा वर्षांच्या रोख्यात बाजारातला दर १ टक्क्यानं वाढला की भाव साधारण ७ टक्के पडतो. मुदतीपर्यंत ठेवायचा असेल तर पूर्ण दर्शनी रक्कम मिळते. मध्येच विकायची वेळ येऊ नये म्हणून त्याच्या खाली एफडीची शिडी (दरवर्षी एक सुटेल अशा पावत्या) लागते.

---

उद्यमबाग_फौंड्री

थोडा वेगळा प्रश्न. कंपनीच्या मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी ट्रस्टला हेच नियम का?

---

ताळेबंद

नाही. तुमच्याकडे अर्थ मंत्रालयाचा २ मार्च २०१५ चा गुंतवणूक आराखडा. त्यात शेअर आणि शेअरशी जोडलेल्या साधनांना कमाल १५ टक्के, मालमत्ता-आधारित आणि ट्रस्ट रचनेच्या साधनांना कमाल ५ टक्के. या ५ टक्क्यांत रीट आणि इनव्हिट येतात, प्रायोजकाचं मानांकन दोन संस्थांकडून एए किंवा वरचं असेल तर. म्हणजे शाळेला जे बंद ते तुम्हाला थोडं उघडं आहे.

इनव्हिट घेतलात तर वाटपाची फोड बघत जा. जे तिमाहीला खात्यावर येतं त्यात व्याज, लाभांश आणि मुद्दलाची परतफेड असे भाग असतात. टोल रस्त्याचा वसुलीचा हक्क ठरावीक वर्षांचा असतो. मुदत संपली की रस्ता सरकारकडे जातो. १० टक्के येतायत म्हणून खूष व्हायचं आणि त्यातलं निम्मं आपलंच मुद्दल असायचं, असं होऊ शकतं. मुद्दलाचा भाग उत्पन्नात घेऊ नका, युनिटच्या खरेदी किमतीतून वजा करा.

---

देवस्थान_सेवक

देवाला आलेल्या सोन्याचं काय? तेही यादीबाहेर ना?

---

ताळेबंद

देवाच्या अंगावर चढणारे दागिने ही गुंतवणूक नव्हे, ते पूजेच्या उपयोगाचे. पण दानपेटीत आलेली नाणी, वळी वगैरे नुसती लॉकरात राहिली तर प्रश्न येतो. दानात आलेली यादीबाहेरची वस्तू, ती मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून एक वर्षात यादीतल्या स्वरूपात आणायला हवी. सरकारच्या सुवर्ण मुद्रीकरण योजनेतल्या मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवी २६ मार्च २०२५ पासून बंद झाल्या. १ ते ३ वर्षांची अल्पमुदत ठेव बँकेच्या इच्छेवर उरली. सार्वभौम सुवर्ण रोख्यांचा शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२४ चा. बाजारात जुने मिळतात, पण उलाढाल पातळ असते, ट्रस्टसारख्या मोठ्या खरेदीत भाव अंगावर येतो. त्यामुळे ईटीएफ सोपा.

---

मलप्रभा

सोनं फार भरू नका, एवढंच सांगतो. ते व्याज देत नाही आणि पडतंही. सप्टेंबर २०११ ला औंसाला १,९०० डॉलरच्या आसपास होतं, डिसेंबर २०१५ ला १,०५० च्या जवळ. गाळा आहेच, तीही खरीखुरी वस्तूच. मी ५ टक्क्यांच्या वर जाणार नाही.

---

ताळेबंद

आकडे मांडतो. गाळा बाजारभावानं धरून एकूण ४ कोटी ८० लाख.

गाळा ८० लाख
बँक ठेवींची शिडी १ कोटी २० लाख
केंद्र आणि राज्यांचे रोखे १ कोटी २० लाख
निफ्टी निर्देशांक फंड (निफ्टीतले शेअर त्याच प्रमाणात घेणारा) ९६ लाख
लिक्विड फंड (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचा, पैसा लवकर काढता येणारा), वाढीचा पर्याय ४० लाख
सोन्याचा ईटीएफ किंवा त्याचा फंड ऑफ फंड (त्याच ईटीएफमध्ये पैसा घालणारा फंड) २४ लाख

रोख उत्पन्न: २ कोटी ४० लाखांवर ७ टक्के म्हणजे १६ लाख ८० हजार, गाळ्याचे निव्वळ २ लाख. एकूण १८ लाख ८० हजार, त्याचे ८५ टक्के १५ लाख ९८ हजार. गरज १४ लाखांची. वरचे दोन लाख वसतिगृहाच्या दुरुस्तीला जातात, अर्ज भरून राखून ठेवायची कटकट नाही. ४० लाखांचा लिक्विड फंड म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा खर्च. बाजार पडला तरी निर्देशांक फंडाला हात लावावा लागू नये म्हणून तो.

शिडी: २४ लाखांच्या पाच पावत्या, १ ते ५ वर्षांच्या, सगळ्यांची मुदत जूनमध्ये संपणारी, कारण शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचा खर्च तेव्हाच येतो. दरवर्षी एक पावती सुटते, ती पुन्हा ५ वर्षांसाठी. बँक मुदतपूर्व न मोडता येणारी ठेवही देऊ शकते, थोड्या जादा दरानं. त्या मोहात पडू नका.

निर्देशांक फंडात एकदम नको. महिना ४ लाख, चोवीस हप्ते. बराचसा पैसा सौहार्दच्या सुटणाऱ्या पावत्यांतूनच येईल. डायरेक्ट प्लॅन (मध्ये दलाल नसलेला) घ्या. आणि सभेत हे वाचून दाखवा: निफ्टी जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २००८ मध्ये ६० टक्के पडला होता. तसं झालं तर ९६ लाखांचे ३८ लाख दिसतील, एकूण निधीच्या १२ टक्के गेले असं वाटेल. "हे चालेल" असं कार्यकारिणीनं आधी इतिवृत्तात लिहिलं नसेल तर पडल्यावर पहिल्याच सभेत विकायचा ठराव येतो. तिथंच खरा तोटा होतो.

समतोल वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये. शेअरचा हिस्सा २० टक्के ठरलाय तर १५ ते २५ मध्ये काही करू नका. २५ च्या वर गेला तर २० वर आणा, १५ खाली गेला तर लिक्विड फंडातून भरा.

---

गणपतगल्ली

कागदपत्रांवरून अडणार ते आत्ताच सांगतो. फंडाच्या केवायसीला एनजीओ दर्पणचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा) क्रमांक मागतात. ठराव मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर सोबत इंग्रजी प्रत अध्यक्षांच्या सहीशिक्क्यासह लावा, नाहीतर अर्ज परत येऊ शकतो. आणि सह्या: तीन माणसं, कुणीही दोन. निवडणुकीनंतर कार्यकारिणी बदलली की बँकेत सह्या बदलतात, पण फंडात आणि गिल्ट खात्यात बदलायच्या राहून जातात. पैसे काढायची वेळ येते तेव्हा जुने सचिव पुण्याला मुलाकडे गेलेले असतात.

---

मलप्रभा

दोन राहिलेल्या गोष्टी. परदेशी देणगीच्या, म्हणजे एफसीआरएच्या पैशातून यातला एकही फंड घेता येत नाही. २०११ च्या नियमांत म्युच्युअल फंड आणि शेअर हे सट्ट्यात धरलेत. तो पैसा वेगळा ठेवा. आणि संस्थेची नोंदणी कोल्हापुरात, शाळा खानापुरात असं असेल तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३५ लागतं. त्याच्या चौकटीबाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी.

---

कोषाध्यक्ष_खानापूर

आमची नोंदणी बेळगावचीच, एफसीआरए नाही. ठरावाचा मसुदा केलाय, बघा:

"१) निधीतून वार्षिक खर्च १४ लाखांपर्यंत, दर तीन वर्षांनी फेरविचार. २) परवाना नसलेल्या कोणत्याही पतसंस्थेत नवी ठेव नाही, जुन्या मुदतीप्रमाणे बंद. ३) नागरी सहकारी बँकेत एका बँकेत साडेचार लाखांपेक्षा जास्त नाही. ४) शेअर निर्देशांक फंड एकूण निधीच्या १५ ते २५ टक्के, सोनं कमाल ५ टक्के. ५) ज्या वित्तसंस्थेवर कार्यकारिणीचा सदस्य संचालक आहे, तिथं ठेव ठेवण्याच्या चर्चेत तो सदस्य बसणार नाही."

---

निपाणीचा_हिशेब

पाचवं कलम मंजूर करून घ्या आणि मग बोला. 😀 पण ते तसंच ठेवा, एक शब्द कमी करू नका.

---

ताळेबंद

चौथ्यात "एकूण निधीच्या" च्या पुढं "बाजारभावाने" घाला, आणि गाळ्याचं मूल्यांकन दर तीन वर्षांनी नोंदणीकृत मूल्यांककाकडून असं जोडा. नाहीतर पुढचा कोषाध्यक्ष तो गाळा साठ हजारांनाच मोजेल.